ताजं खा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

उन्हाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन दिशांनी सल्ले येतात. पहिला ताडोबा पाहायला आलेल्या पाहुण्यांचा. जिप्सीतून उतरून गार पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता ते म्हणतात, इतकं जंगल, इतकी शुद्ध हवा, तुम्हाला इथे फ्रिज कशाला? ताजं खायचं, माठातलं पाणी प्यायचं. दुसरा सल्ला दुकानात मिळतो. घेताच आहात तर डबल डोअर घ्या, फ्रॉस्ट फ्री घ्या, पाच स्टार घ्या, हप्ते पाडून देतो. एकाला फ्रिजच नको आहे, दुसऱ्याला सगळ्यात मोठा खपवायचा आहे. इथल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

शुद्ध हवेचा मुद्दा आधी निकालात काढू. चंद्रपूर शहराला लागून ऊर्जानगरला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे, क्षमता २९२० मेगावॅट. कोळसा इथल्या खाणींतला, राख आणि धूरही इथेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात बरंच वर होतं. विदर्भातली वीज मुंबईच्या दारापर्यंत नेण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी गेल्या शतकाच्या अखेरीस टाकली गेली. १५०० मेगावॅट वाहून नेण्याची तिची ताकद आहे. वाहिनीबद्दल तक्रार नाही, राज्य एकच आहे. पण जिथे वीज तयार होते तिथल्या बाईने विजेवरचं एक साधं यंत्र स्वयंपाकघरात आणायचं म्हटलं, तर तिला निसर्गाचे धडे देण्याचा अधिकार वाहिनीच्या पलीकडच्या टोकाला कुणी दिला?

आता 'ताजं खा'. हा सल्ला देणाऱ्याच्या दारात रोज सकाळी भाजीवाला येतो. धानोरा, कोरची, एटापल्ली या तालुक्यांतल्या बहुतेक गावांना भाजी मिळते ती आठवडी बाजारात. मे महिन्यात बाजारातून आणलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, दुसऱ्या दिवशी काळा पडतो, टमाटर तिसऱ्या दिवशी गळतात, पालक तर घरी पोहोचेपर्यंतच मान टाकतो. मग पुढच्या बाजारापर्यंत डाळ, वाळवलेल्या भाज्या आणि सुकी मासोळी. म्हणजे ताज्या भाजीसाठी फ्रिजची गरज कोपऱ्यावर मंडई असलेल्यांपेक्षा आठवड्यातून एकदा बाजार भरणाऱ्यांना जास्त. सल्ला नेमका उलटा बसतो.

आणि ताजं रांधायचं कुणी? धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाई सकाळी बांधीत उतरते ती दिवस मावळताना बाहेर येते. मोहफुलं वेचायला पहाटे निघावं लागतं. तेंदूच्या हंगामात सकाळी पानं तोडायची, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी केंद्रावर नेऊन मोजून द्यायचे. या बाईने शिवाय दोन्ही वेळा गरम रांधावं, अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतः किती वेळा चूल पेटवली आहे, हे एकदा विचारायला हवं. सकाळचं कालवण संध्याकाळी खाण्याजोगं राहिलं तर तिचा तास-दीड तास वाचतो. फ्रिजच्या जाहिरातीत हा तास कधी दिसत नाही, कारण जाहिरातीतल्या बाईला रोवणी नसते.

हा धानाचा मुलूख आहे, म्हणून शिळ्या भाताचं वेगळं सांगतो. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढीला लागतात. त्यातून तयार होणारं उलटीचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना मानवतं. एप्रिल-मेमध्ये इथल्या पत्र्याखालच्या घरात रात्रीसुद्धा पस्तिशीच्या खाली उतरणं मुश्कील. पाण्यात भिजवून आंबवलेल्या भाताची आणि आंबिलीची आपली जुनी रीत आहे, ती चांगलीच आहे. पण आंबवलेलं अन्न वेगळं आणि पातेल्यात झाकून विसरलेलं अन्न वेगळं, आणि परंपरेच्या नावाखाली दोन्ही एकाच पंक्तीला बसवू नयेत.

माठाशी माझं भांडण नाही. पाणी मीही माठातलंच पितो. पण माठ कशाने गार होतो ते त्याचे भक्त विसरतात. पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. म्हणून बाहेर ४५ अंश असताना माठातलं पाणी पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत उतरू शकतं, आणि घशाला ते बर्फासारखं वाटतं. दुधाला मात्र पंचवीस अंश म्हणजे नासायला उत्तम हवामान. पाऊस सुरू झाला, हवा ओली झाली की माठाचा खेळच संपतो. नेमक्या त्याच दिवसांत पोटाचे आजार वाढतात. घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. चालू असलेली कुपीही साधारण ३० अंशांच्या वर नेऊ नये असं सांगतात. मे महिन्यातल्या चंद्रपुरात ३० अंशांची जागा घरात शोधून दाखवा.

फ्रिज म्हणजे चैन, हे मत फक्त पाहुण्यांचं असतं तर सोडून दिलं असतं. ते सरकारी कागदावरही होतं. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण कुटुंबाला आपोआप वगळण्याचे १४ निकष होते आणि त्यांत एक होता घरात फ्रिज असणं. पुढे प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, तिच्या लाभार्थ्यांची छाननीही याच धाटणीच्या यादीवर झाली. सरळ भाषेत, फ्रिज असेल तर घरकुल नाही. कुडाच्या भिंती, गळकं छप्पर, पण कुणी पोराने हैदराबादकडे मजुरी करून जुना फ्रिज आणून दिला, तर कागदावर ते कुटुंब सुखवस्तू. याच यादीत लँडलाइन फोनही होता, हे वाचून दुर्गम भामरागडच्या माणसाने हसावं की रडावं ते त्याचं त्याने ठरवावं. २०२४ मध्ये पुढच्या टप्प्यासाठी योजनेचे निकष १३ वरून १० वर आणले, तेव्हा कुठे फ्रिज, दुचाकी आणि लँडलाइन या अटी गळल्या. कराचंही तसंच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा फ्रिज २८ टक्क्यांच्या कप्प्यात होता, वर्षभराने तो १८ वर आला. सरकारने उशिरा का होईना आपली समजूत बदलली. पाहुण्यांनीही बदलायला हरकत नाही.

यावर एक मवाळ पक्ष आहे. तो म्हणतो, फ्रिज द्या, पण गरिबांसाठी वेगळा, लहान, साधा. हा प्रयोग महाराष्ट्रातच होऊन गेला. गोदरेजने २०१० च्या सुमारास 'छोटूकूल' नावाची पेटी आणली. ४३ लिटरच्या आसपास जागा, कॉम्प्रेसर नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारी, वरून उघडायचं झाकण. तयार करताना तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांशी बोलून घेतलं होतं, हे कौतुकाचं. पण खेड्यांत ती रुजली नाही, आणि पुढे तिला शहरी गिऱ्हाइकाकडे वळावं लागलं. कारण अवघड नाही. अशा पेटीची थंडी बाहेरच्या तापमानापेक्षा किती खाली, या हिशेबाने चालते. बाहेर ३० असेल तर आत चांगलं गार. बाहेर ४६ असेल तर आतलं दूध सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. शिवाय तिच्यात बर्फ होत नाही. पैसे साठवून घ्यायची वस्तू एकदाच घ्यायची असते, आणि ती 'गरिबांची' म्हणून ओळखली जावी असं कुणालाच वाटत नाही.

तेव्हा फ्रिज हवा, आणि तो खरा हवा. इथे दुकानदार खूश होऊन पुढे सरसावेल, म्हणून आता त्याच्याकडे वळतो.

दुकानात पहिलं बोट स्टारवर ठेवलं जातं. ऊर्जा दक्षता ब्युरोचं लेबल ही चांगली गोष्ट आहे, २००६ पासून ती योजना चालू आहे. पण लेबलवरचा युनिटचा आकडा चाचणीच्या खोलीत, दार बंद ठेवून काढतात आणि त्या खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर नेत नाहीत. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत असतात. पारा ४७ च्या पुढेही गेलेला आहे. तिथे कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही, आणि लेबलवरचा वर्षाचा आकडा फक्त दोन फ्रिजची आपसांत तुलना करायच्या कामाचा उरतो. ती तुलनाही तारे मोजून करू नका, खालचा युनिटचा आकडा वाचा आणि लेबल कोणत्या काळाचं आहे तेही पाहा, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात. समजा, एकाच मापाच्या दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटचा फरक आहे. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ६०० रुपये. जास्त ताऱ्यांसाठी ४००० रुपये मोजले तर ते वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतात. घ्या, जमत असेल तर जरूर घ्या. पण तारे पाहूनच निवड झाली असं समजू नका.

स्टारपेक्षा मागच्या पट्टीवरचं एक बारीक अक्षर इथे जास्त कामाचं आहे. त्याला क्लायमेट क्लास म्हणतात. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत, 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याला 'टी'च्या खाली काही चालणार नाही, आणि आपली दुपार त्या 'टी'च्याही पुढे जाते. म्हणून फ्रिज पत्र्याच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा, चुलीपासून लांब ठेवा. डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवणारेही पाहिले आहेत. तिथली हवा ओली असते, दार उघडलं की ती आत शिरते आणि बर्फाचा थर वाढवते.

पण या दोन जिल्ह्यांत फ्रिजची खरी परीक्षा लाइन गेल्यावर होते. मे महिन्याच्या दुपारी गावातले सगळे कूलर चालू असतात, डीपीवर भार येतो, व्होल्टेज पडतं, फ्यूज उडतो. जूनमध्ये वादळाने तारा तुटतात, जंगलातून गेलेल्या लाइनवर फांदी पडली तर वायरमनला ती जागा शोधायलाच वेळ लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा असायला हवा: वीज गेल्यावर हा फ्रिज किती तास थंड राहतो? दुकानात हा प्रश्न विचारून पाहा. सेल्समन रंग सांगेल, दारावरची फुलं दाखवेल, याचं उत्तर मात्र त्याच्याकडे बहुधा नसेल.

हे उत्तर सरकारच्या एका खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लसीचा फ्रिज पाहा. त्याला आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर म्हणतात. आडवा, पेटीसारखा, झाकण वर. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती सांडत नाही. भिंतींच्या आतून बर्फाचं अस्तर असतं. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत टिकावं, अशी त्याची रचना आहे. वीज नाहीच अशा ठिकाणांसाठी सौर पॅनेलवर थेट चालणारे लसीचे फ्रिजही आता आहेत. गोवर आणि पोलिओची लस दुर्गम गावांपर्यंत पोहोचते ती या विचाराच्या जोरावर. आरोग्य खात्याने फ्रिज निवडताना दारं मोजली नाहीत, वीज नसतानाचे तास मोजले. घरासाठी निवडताना आपणही तेच मोजायला हवं.

या कसोटीवर दुकानदार ज्याला 'जुनं मॉडेल' म्हणून नाक मुरडतो तो एकदारी डायरेक्ट कूल फ्रिज पुढे जातो. त्यात बर्फाचा कप्पा वर असतो, थंडी आपोआप खाली उतरते, पंखा नसतो. साचलेला बर्फ ही कटकट वाटते, पण वीज गेल्यावर तोच कामाला येतो: एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्यात ८ लिटर पाणी १० अंशांनी गार होतं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडी पंख्याने फिरवावी लागते आणि कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून अधूनमधून हीटर चालतो. लाइन गेली की पंखा बंद, आणि राखीव बर्फ नाही. शिवाय फिरत्या हवेने भाजी लवकर सुकते. बाटल्यांत पाणी भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, लाइन गेली की त्यातल्या दोन खाली दुधाशेजारी ठेवा आणि दार उघडू नका. दार न उघडता फ्रिजमधलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं असं धरतात. त्यापुढे दूध, मटण, मासोळी यांच्यावर विश्वास टाकायचा नाही. साधा फ्रिजचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि तो कोणत्याही ब्रोशरपेक्षा खरं बोलतो.

डायरेक्ट कूलचे तोटे लपवणार नाही. बर्फ बोटभर साचला की वितळवावा लागतो, नाहीतर फ्रिज वीज जास्त खातो. कप्प्याच्या अगदी खाली ठेवलेली वस्तू गोठू शकते, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. ते मधल्या फळीवर किंवा दारात ठेवा. ऊर्जानगर किंवा बल्लारपूरच्या वसाहतीत, जिथे वीज सहसा जात नाही आणि घरात सहा-सात माणसं आहेत, तिथे फ्रॉस्ट फ्री खुशाल घ्यावा. माझं भांडण तो फ्रिज कोरचीला विकण्याशी आहे. आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटतं, अनेक दिवस वीज नसते, तेव्हा घरातला कोणताही फ्रिज कपाटच होतो. हे विकणाऱ्याने आधीच सांगावं.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरबद्दल मी आंधळा विरोध करणार नाही. तो सुरू होताना झटका कमी घेतो, पडलेल्या व्होल्टेजवरही बऱ्याचदा चालतो, घरच्या बॅटरीवर पेलतो. हे तिन्ही गुण इथे उपयोगाचे आहेत. पण त्याचा मेंदू म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते, आणि वीज कडाडली की ती जळू शकते. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याखाली व्होल्टेजची मर्यादाही लिहिलेली असते, ती वाचा. आभाळातली वीज त्या मर्यादेत बसत नाही. गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा. जळलेली पाटी नागपूरहून येणार, आणि ती बसवणारा माणूस कुठून येणार हे कुणालाच सांगता येत नाही. गॅसचंही तेच. आताच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला धोका नाही आणि हवामानाला सोसणारा आहे, म्हणून चांगला, पण तो पेट घेतो. फ्रिजमध्ये तो थोडासाच असतो, तरी गळती शोधायला आणि नळी जोडायला शिकलेला हात लागतो. सायकलच्या दुकानाशेजारी बसून सगळं दुरुस्त करणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

म्हणून दुरुस्तीचा प्रश्न निवडीच्या शेवटी नको, सुरुवातीला हवा. सिरोंचा गडचिरोलीपासून जवळपास दोनशे किलोमीटर आहे. तिथल्या माणसाला तेलंगणातलं मंचेरियल जवळ पडतं. कंपनीचा माणूस त्या गावाला येतो का, किती दिवसांत येतो, येण्याजाण्याचा खर्च वॉरंटीत आहे की गिऱ्हाइकाच्या माथी, हे बिलाच्या मागे लिहून घ्या. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी मोठ्या अक्षरांत असते. बाकी सुट्या भागांची हमी बहुतेकदा वर्षभराचीच असते आणि बिघडतात ते हेच भाग.

चंद्रपूर, गडचिरोली, वडसा, आलापल्लीच्या दुकानदारांना माझी एवढीच विनंती आहे: प्रत्येक फ्रिजवर स्टारच्या शेजारी आणखी तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा. वीज गेल्यावर किती तास थंड राहतो, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, आणि बिघडला तर दुरुस्तीला कोणत्या गावचा माणूस येतो. आणि गिऱ्हाइकांनो, या तीन जागा कोऱ्या असतील तर हप्त्याच्या कागदावर सही करू नका, पुढच्या दुकानात जा.